प्रेमभंगानंतर पुन्हा मन उघडायला सांगणारं गाणं: मुखडा उपदेशासारखा वाटतोय

नवीचाल
एका आवाजाचं प्रेमगीत आहे, पण गायक किंवा गायिका कुणालाही गाता यावं. ताल केरवा (आठ मात्रांचा), मेट्रोनोम मिनिटाला ११० ठोक्यांवर, एका ठोक्याला दोन मात्रा. मुखडा असा:

दार मनाचे उघड पुन्हा तू
विसरुनि जा ते दुःख जुने

मात्रा १६ आणि १४, नीट बसतात. तरी गायलं की सुविचार ऐकल्यासारखं होतं. चूक शब्दांत की चालीत?

शब्दवेडा
आधी शब्दांत. ओळ ८-८ मध्ये मोडते, म्हणजे समेवर (तालाच्या पहिल्या, जोराच्या मात्रेवर) ‘दार’, ‘उघड’, ‘विसरुनि’ आणि ‘दुःख’ येतात. ‘उघड’चा ‘उ’ लघु (एका मात्रेचं अक्षर), त्यावर जोर बसत नाही. ‘विसरुनि’त सलग चार लघु, त्यामुळे जिथे सबुरी हवी तिथेच घाई ऐकू येते. ‘दुःख’मधल्या विसर्गाने सूर तुटतो तो वेगळाच.

अर्थाचं म्हणाल तर ‘विसरून जा’ हे दुखावलेल्याला सगळ्यांनीच सांगून झालेलं असतं. मागणी लहान करा:

काढ कडी ना, दार असू दे
वारा नंतर येऊ दे

मात्रा त्याच, चारही समांवर गुरू (दोन मात्रांचं) अक्षर, आणि दोन्ही ओळी ‘दे’वर संपतात. ‘ए’ हवा तेवढा लांबवता येतो. ‘मन’सारख्या अकारान्त शब्दावर ओळ संपवून सूर लांबवला तर त्याचं ‘मनाऽ’ होतं.

गायक-गायिकेचा प्रश्न अंतऱ्यात (मुखड्यानंतरच्या कडव्यात) येईल. ‘मी थांबलो’, ‘तू हसलीस’ लिहिलंत की गाणं एका बाजूला अडकलं. ‘मी पाहिलं’, ‘मला वाटलं’, ‘येईन’, ‘तुझं हसू’ ही रूपं दोघांनाही चालतात.

कोमलगंधार
११० फार आहे. ७० ते ७५ ठेवा. ७२ ला १६ मात्रांची ओळ साधारण पावणेसात सेकंदांत होते, श्वासाला जागा उरते. शेवटी उठाव हवा म्हणून लय वाढवू नका. लय तीच ठेवून तबल्यावर लग्गी (जलद, भरगच्च बोल) घ्या.

चालीत मुखडा कोमल गंधारावर (उतरलेल्या ‘ग’वर) ठेवा, पंचमाच्या (‘प’च्या) वर नेऊ नका. शुद्ध गंधार फक्त दुसऱ्या अंतऱ्यात, एकाच शब्दावर. तो पहिल्या अंतऱ्यातच लागला तर बरं व्हायच्या आधीच बरं वाटल्यासारखं होतं! त्या जागी गिटारवाल्याने मायनर कॉर्ड (त्यात कोमल गंधार असतो) धरून ठेवला तर दोन गंधार एकमेकांवर आदळतील, त्याला आधी सांगून ठेवा. हे जड वाटलं तर ए मायनरमधून सी मेजरकडे जा. सात सूर तेच, विसाव्याची जागा तेवढी बदलते.

नवीचाल
वा, ‘काढ कडी ना’ घेतो. अंतऱ्यातून मुखड्यावर परत कसं यायचं?

शब्दवेडा
शेवटची ओळ १४ मात्रांची, ‘येऊ दे’शी जुळणारी. पहिल्या अंतऱ्याला ‘घाव जरा हा राहू दे’, दुसऱ्याला ‘एक नजर तर पाहू दे’. पहिल्यांदा ‘काढ कडी ना’ कुणीतरी हितचिंतक म्हणतोय असं वाटेल. दुसऱ्या वेळी कळेल, म्हणणारा दाराबाहेरच उभा आहे.