माद्रिदमधनं वीकेंड ट्रिप: दोन दिवसांत सेव्हिया, कोर्दोबा आणि ग्रानादा जमतंय का?

शहापूरची_पोर

नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावची, शहापूरची. सप्टेंबरात माद्रिदला आलेय, एक वर्षाचं मास्टर्स करालेय. ग्रुप चांगला जमलाय, मी, एक दिल्लीची मुलगी, दोन मेक्सिकन आणि एक इटालियन पोरगा. गुरुवारी लेक्चर संपलं की कुणीतरी मोबाईलवर नकाशा उघडतंय आणि सुरू, इकडं जाऊया तिकडं जाऊया. आता सगळ्यांनी ठरवलंय की पुढच्या महिन्यात शुक्रवारी रात्रीच्या बसनं निघायचं, सेव्हिया, कोर्दोबा, ग्रानादा तिन्ही करायचं आणि रविवारी रात्री परत, सोमवारी सकाळी क्लासला. मला हे काय पटेना पण नाही म्हटलं तर मीच एकटी राहते म्हणून इथं विचारालेय, कुणी केलंय का असं?

दुसरं म्हणजे बजेट. एज्युकेशन लोनवर आलेय, पप्पांना दर वेळी पैसे मागायला बरं वाटत नाही आणि ते फोनवर पहिलं वाक्य हेच बोलतात की अभ्यासाला गेलीस का फिरायला. तिसरं, मी अंडं खाते पण मांस-मासे नाही. चौथं, फ्लाइटची तिकिटं वीस-पंचवीस युरोला दिसतात, कधी डब्लिन कधी पोर्तो, तर त्यापेक्षा दुसरा देशच बघावा का? मोठं झालं लिहिणं, सॉरी.

कॅम्पवाला_९०

मी आधी सालामांकात शिकलोय, आता परत बेळगावात आहे. सरळ सांगतो, तीन शहरं दोन दिवसांत होतात पण बस स्टँडच बघून येशील. ग्रानादा बाकी दोघांपासून बाजूला पडतंय, सेव्हियातनं बसनं तीन तासांच्या आसपास. त्यात तिथल्या प्रसिद्ध किल्ल्याचं, अल्हांब्राचं, तिकीट असतंय वेळेचं. नास्रिद महालांत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली तर बाकीचा किल्ला बघ, बाग बघ, पण महालात सोडत नाहीत. आणि तिकिटं काही आठवडे आधीच संपतात, नाव आणि पासपोर्ट नंबर टाकून घ्यावी लागतात, पासपोर्ट बरोबर न्यायचा. पुढच्या महिन्याचं ठरवलंय ना, मग आधी साइटवर बघ पाच तिकिटं शिल्लक आहेत का. नसतील तर वाद तिथंच मिटला.

माझं म्हणणं, सेव्हिया आणि कोर्दोबा एका वीकेंडला कर, दोन्हीमध्ये फास्ट ट्रेननं पाऊण तासाचं अंतर आहे. माद्रिद-सेव्हिया ही स्पेनची पहिली हायस्पीड लाईन, १९९२ च्या एक्स्पोच्या वेळी सुरू झाली, अडीच तासांत पोचवते. सरकारी फास्ट ट्रेन आवेपेक्षा इरियो किंवा उइगो या दुसऱ्या कंपन्यांची तिकिटं लवकर काढली तर बऱ्याचदा स्वस्त पडतात. शुक्रवारी संध्याकाळची गाडी मात्र सगळ्यांना हवी असते, ती महाग. शनिवारी पहाटेची घ्या.

कोर्दोबाला मेस्कीता, म्हणजे तिथली जुनी मशीद, सकाळी ८.३० ते ९.३० फुकट असते, रविवार सोडून. म्हणजे शनिवारी कोर्दोबा आधी, मग संध्याकाळी सेव्हिया, असा क्रम ठेव, उलटा केलात तर रविवारी तिकीट पडेल. इ.स. ७८५ च्या सुमाराला बांधायला घेतलेली मशीद, पुढं त्याच्या पोटात ख्रिश्चन कॅथेड्रल बांधलं. आत गेल्यावर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, एकावर एक दोन मजली, आणि खांब एकसारखे नाहीत, कुणाचा दगड काळसर कुणाचा गुलाबी, कारण जुन्या रोमन आणि व्हिसिगोथ इमारतींचे खांब आणून लावलेत. खांबाची उंची कमी पडली म्हणूनच वर दुसरी कमान चढवली. हे माहीत नसलं की माणूस दहा मिनिटांत फोटो काढून बाहेर येतो. तुमच्या ग्रुपला पण सांग.

ग्रानादा स्वतंत्र ठेव. तिथं बऱ्याच बारमध्ये एक ड्रिंक घेतलं की एक तापा, म्हणजे खाण्याची छोटी प्लेट, फुकट येतो, विद्यार्थ्याचं जेवण त्यातच होतंय.

निपाणीचा_पाव्हणा

पोरी तुला एक इचारू का, माद्रिदच्या भोवतीनं काय बघितलीस? तोलेदो झालं? सेगोविया? आल्काला? नसंल तर तिकडं दक्षिणेत आंदालुसियाला कशाला पळालीस गा. मी दोन वर्षं माद्रिदमधी काढली, ग्रुपमधली निम्मी पोरं दर वीकेंडला इमानात असायची आणि जूनमधी परत जाताना म्हणायची अरे तोलेदो राहिलं की.

सेगोवियाला मोन्क्लोआ स्टँडावरनं बस मिळती. फास्ट ट्रेन अर्ध्या तासात जाती खरी पण स्टेशन गावाच्या बाहेर रानात हाय, तिथनं परत सिटी बस धरा. बस बरी, जुन्या गावाजवळ सोडती. उतरून जरा चाललं की समोर रोमन लोकांचा पाण्याचा पूल, अठ्ठावीस मीटर उंच, ग्रॅनाईटचे चिरे नुसते एकावर एक ठेवल्यात, चुना नाही का काय नाही, एकोणीसशे वर्षं उभा हाय. मी पहिल्यांदा गेलतो तवा खालच्या कमानीत हात लावून बघितलं, दोन चिऱ्यांच्या फटीत नख जाईना. आमचा एक दोस्त म्हणाला फोटोत बघितलंय की. त्याला म्हटलं ये इथं, बोट घाल.

तोलेदोला बस प्लासा एलिप्तिकावरनं. ताहो नदीनं तीन बाजूंनी गावाला येढा घातलाय, पलीकडच्या तीरावरनं सगळं गाव एका नजरेत येतंय, संध्याकाळी तिथं जा. सांतो तोमे चर्चमधी एल ग्रेकोचं ओर्गास सरदाराच्या दफनाचं चित्र हाय, तेवढं एक चित्र बघायला तिकीट हाय आणि ते वसूल हाय. येताना बदामाचं मार्सिपान घे, घरी पाठवायला टिकतंय. सगळं धरून दिवसाला तीस युरोच्या आत बसतंय, डबा नेलीस तर.

आणि तू सव्वीसच्या आत असशील तर आबोनो होवेन, म्हंजे तरुण पोरांचा पास, काढलीस का न्हाई? त्या पासावर माद्रिद प्रांतात मेट्रो, बस, लोकल कुठंबी फिर. आल्काला दे एनारेस म्हंजे सेर्वान्तेसचं जन्मगाव, एल एस्कोरियाल, आरांहुएस, सेर्सेदियाचा डोंगर, हे सगळं त्यातच. एकबी युरो जादा न्हाई. एल एस्कोरियाल सोमवारी बंद असतंय तेवढं ध्यानात ठेव.

शहापूरची_पोर

@निपाणीचा_पाव्हणा पास काढलाय दादा, पण कॉलेज आणि सुपरमार्केट एवढाच वापरला आत्तापर्यंत 😅 लोकलनं डोंगरापर्यंत जाता येतंय हे मला माहीतच नव्हतं.

खानापूर_ते_युरोप

फ्लाइटचं मी सांगते कारण त्यात लोक फसतात. आधी सांग तुझं रेसिडेन्स कार्ड, तिए, हातात आलंय का? आलं असलं तर पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही घेऊन तू पोर्तुगाल, इटली, फ्रान्स, शेंगेनमधल्या कुठल्याही देशात फिरू शकतेस, १८० दिवसांत ९० दिवस. कार्ड यायचं असेल आणि व्हिसाची मुदत चालू असेल तर व्हिसावर फिर. दोन्ही नाही, नुसती अर्जाची पावती आहे, तर दुसऱ्या देशात जाऊ नकोस. भारतात जायचं असेल तर पोलिसांकडनं आउतोरिसासियोन दे रेग्रेसो, म्हणजे परत यायची परवानगी, काढून ठेवायची.

डब्लिन विसर. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, भारतीय पासपोर्टला वेगळा व्हिसा. लंडनचं तसंच. मोरोक्कोचंही तसंच, स्पेनच्या दक्षिण टोकाच्या तारीफावरनं समोर दिसतंय म्हणून मेक्सिकन पोरं म्हणतील चला फेरीनं जाऊन येऊ, त्यांचा पासपोर्ट वेगळा तुझा वेगळा. जिब्राल्टर स्पेनला चिकटून आहे पण ब्रिटिश आहे, तिथंही आधी नियम बघूनच. ग्रुपमध्ये हे पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं, तिकीट काढल्यावर नाही.

वीस युरोचं तिकीट वीस युरोचं राहत नाही. सीटखाली बसेल एवढीच बॅग फुकट, वरच्या कप्प्यातल्या बॅगेला पैसे. माझ्या मैत्रिणीला एका स्वस्त एअरलाइनच्या गेटवर बॅग मापाच्या चौकटीत घालायला लावली, चाक बाहेर राहिलं, तिकिटापेक्षा जास्त पैसे तिथं भरले. शिवाय युरोपियन पासपोर्ट नसेल तर काही कंपन्या सिक्युरिटीच्या आधी काउंटरवर कागद तपासून शिक्का घ्यायला लावतात, तो नसला तर गेटवर परत पाठवतात. सकाळी सहाची फ्लाइट, मेट्रो सुरू व्हायच्या आधी एअरपोर्टला पोचायचं, टॅक्सीचे पैसे धर. पोर्तो मस्त आहे, जा, पण बेरीज करून जा.

कॅम्पवाला_९०

+१. आणि पुएन्तेच्या, म्हणजे जोडून सुट्टीच्या, वीकेंडला कुठंही जायचं असेल तर महिनाभर आधी बुकिंग. १२ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर, डिसेंबरात ६ आणि ८. सुट्टी गुरुवारी किंवा मंगळवारी आली की मधला दिवस जोडून अख्खा देश गावाला जातो, हॉस्टेलचे भाव डबल. अशा वेळी मी माद्रिदमध्येच थांबायचो, प्रादो म्युझियम संध्याकाळी ६ ते ८ फुकट असतं, रविवारी ५ ते ७. विद्यार्थी कार्ड असेल आणि वय १८ ते २५ असेल तर तसंही फुकट, मग रांगेत कशाला उभी राहतेस.

टिळकवाडी_काकू

माझी मुलगी व्हॅलेन्सियात होती, मी तिच्याकडं जाऊन राहून आलेय, खाण्याचं मी सांगते. बाळ, कार्ने म्हणजे मांस नको एवढं म्हणून भागत नाही. मी सॅलड मागवलं, नो कार्ने म्हटलं, तर वर डबाभर ट्यूना मासा घालून आणला, वेटर म्हणाला हे मांस नाही. म्हणायचं सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, म्हणजे मांस, मासे आणि डुकराचं खारवलेलं मांस नको. तिन्ही म्हणायचं. हामोन त्यांना मांस वाटतच नाही, कोर्दोबाचं साल्मोरेहो म्हणजे टोमॅटोचं थंड घट्ट सूप, फार छान असतं, पण वरनं हामोनचे तुकडे भुरभुरतात, आधीच सांगायचं.

तुला अंडं चालतंय म्हणजे अडचण नाही. बटाट्याचा तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, कुठल्याही बारमध्ये मिळतो, सकाळी ब्रेडवर टोमॅटो चोळून तेल घातलेलं, नाहीतर पापास ब्रावास, तिखट सॉस घातलेले तळलेले बटाटे. सेव्हियात पालक आणि काबुली चण्याची भाजी मिळते, एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, जिरं घातलेलं असतं, बरं वाटतं जिवाला. आणि कोर्दोबात वांग्याच्या कापांची भजी असतात, वरनं काळा पातळ पाक ओतलेला. मी चमचाभर चाखला आणि मुलीला म्हटलं अगं ही तर आपली काकवी! खरंच उसाचीच असते ती. भजीवर काकवी कुणी घालतं का, पण संपवली सगळी.

सेगोवियात मात्र जपून, तिथं डुकराचं पिल्लू अख्खं भाजून टेबलावर आणतात आणि ताटलीच्या कडेनं कापून दाखवतात. तुझे मित्र मागवणारच, तू तयारीत राहा.

जेवणाची वेळ चुकवू नका. दुपारी दीड-दोन ते चार, मग किचन बंद, रात्री साडेआठनंतरच. पाच वाजता भुकेनं फिरलीस तर बेकरी नाहीतर चिप्स. दुपारची ठराविक थाळी, मेनू देल दिया, घ्यायची, दोन पदार्थ, ब्रेड, गोड किंवा कॉफी, रात्री हॉस्टेलच्या किचनमध्ये काहीतरी करायचं. चिवडा जवळ ठेव. आणि पप्पांना फोटो पाठवत जा गं, ते रागवत नाहीत, काळजी करतात.

निपाणीचा_पाव्हणा

काकू 🙏 पप्पांना प्रादोतले फोटो आधी पाठव, बारचे नंतर.

सांबरा_रिटर्न

हिशोबाचं कुणी बोललं नाही. पाच जणांत एक जण कायम कार्ड देतो आणि नंतर मागायला लाजतो, बहुतेक तो आपलाच माणूस असतोय. ॲपमध्ये जागेवर लिहायचं, कॉफीसुद्धा. स्पॅनिश बँकेत खातं उघडलं की बिसूमनं लगेच पैसे देता-घेता येतात, मोबाईल नंबर पुरतो. आणि वाइनचे पैसे न पिणाऱ्यानं भरायचे नाहीत हे पहिल्या ट्रिपलाच बोलून घ्या, तोंडदेखलं हसत बसू नका.

रात्रीच्या बसचा मला राग आहे. पहाटे चार-पाचला उतरवतात, हॉस्टेलचं चेक-इन दुपारी, बाहेर थंडी, स्टँडवरच्या बाकावर बसून दिवस उजाडायची वाट बघा, मग दिवसभर सगळे चिडचिडे. वाचलेले पैसे तिसऱ्या कॉफीत जातात.

बार्सिलोना कधी केलीत तर पाट्या कातालानमध्ये दिसतील, स्पॅनिश खाली किंवा नाहीच. आपण बेळगावची माणसं, आपल्याला त्याचं काय नवल! फक्त तिथं बसून त्या विषयावर मत द्यायला जाऊ नका, मित्र गमवाल. मेट्रोत मोबाईल मागच्या खिशात नको.

शहापूरची_पोर

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, एवढं उत्तर येईल वाटलं नव्हतं. अल्हांब्राची साइट बघितली, आम्हाला हव्या त्या दिवसाची तिकिटं संपलीत, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला आणि ग्रानादा आपोआप रद्द. कोर्दोबा-सेव्हियाची शनिवार पहाटेची गाडी बघालोय. दिल्लीवाली खूष आहे, इटालियन जरा नाराज. तिए अजून आलं नाही, बोटांचे ठसे देऊन झालेत, त्यामुळं पोर्तो नंतर. या शनिवारी सेगोविया, तीन जणं तयार झालीत. मार्चमध्ये व्हॅलेन्सियाला फायासला जायचं म्हणतात, काकू, तिथं मुक्काम मिळतो का?

टिळकवाडी_काकू

१५ ते १९ मार्च असतो गं मुख्य सण, रस्त्या-रस्त्यावर चार-पाच मजली उंच पुतळे आणि १९ च्या रात्री सगळे जाळतात. मुक्काम आत्ताच बघ, नाहीतर मिळत नाही, मिळाला तर तिप्पट भाव. माद्रिदहून फास्ट ट्रेननं दोन तासांच्या आत पोचतेस, बरीच मुलं सकाळी येऊन रात्रभर जागून पहिल्या गाडीनं परत जातात. दुपारी दोनला महानगरपालिकेसमोर फटाक्यांची मास्क्लेता असते, १ मार्चपासनं रोज, ती चुकवू नकोस, पण तोंड जरा उघडं ठेवून उभी राहा, कानाला दडे बसतात. मुलीची एक मैत्रीण अजून तिथंच आहे, खोलीचं विचारून सांगते, मेसेज कर मला.