कानबाईचा रविवार आणि मुलाच्या भेटीबाबतचा न्यायालयाचा आदेश

प्रश्न (अमळनेर)

माझा मुलगा चार वर्षांचा आहे. आम्ही दोघे दीड वर्षापासून विभक्त राहत असून घटस्फोटाचा अर्ज प्रलंबित आहे. अंतरिम आदेशानुसार ताबा माझ्याकडे आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या रविवारी सकाळी ११ ते सायंकाळी ५ या वेळेत ‘उभयतांच्या सोयीच्या ठिकाणी’ वडिलांनी मुलास भेटावे, असे त्यात नमूद आहे. ते भुसावळहून रेल्वेने येतात. सोयीचे ठिकाण कोणते, यावरून दर वेळी फलाटावरच वाद होतो आणि मुलगा माझा पदर धरून उभा असतो. गेल्या महिन्यात शनिवारी रात्री त्याने आपली एक चप्पल उशीखाली लपवून ठेवली. विचारले तेव्हा म्हणाला, “चप्पल नसली तर जावं लागत नाही ना?”

आता त्यांच्या घरी कानबाई, म्हणजे आपल्या खानदेशातला श्रावणातला देवीचा उत्सव, बसणार आहे. नागपंचमीनंतरचा तो रविवार यंदा आदेशातल्या रविवारी येत नाही. रोटांसाठी (कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी) घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाच्या मुठी मोजतात, त्यात नातवाचीही मूठ असावी, अशी सासूबाईंची इच्छा आहे. त्यासाठी शनिवारी सायंकाळपासून सोमवारच्या विसर्जनापर्यंत मुलाला पाठवावे, असा निरोप आला आहे. माझे भाऊ म्हणतात, आदेशात नाही ते द्यायचे नाही. दोन महिन्यांची पोटगीही थकली आहे. मी काय करावे?

उत्तर १ (चोपडा)

ताई, पोटगी जमा होईपर्यंत मुलाला पाठवू नका. एकदा सवलत दिली की तोच पायंडा पडतो.

उत्तर २ (धुळे, वकील)

वरील सल्ला कृपया मानू नका. पोटगी आणि भेट या दोन स्वतंत्र बाबी आहेत. थकबाकीसाठी वसुलीचा वेगळा अर्ज करता येतो, तो अवश्य करा. परंतु त्या कारणाने भेट अडवली, तर आदेशभंगाचा ठपका तुमच्यावर येईल.

तुमची खरी अडचण आदेशातील मोघम शब्दांत आहे. मुलाच्या ताब्याचे आदेश कायमचे गोठलेले नसतात, मुलाच्या हितासाठी ते बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली रोझी जेकब खटल्यात स्पष्ट केले आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ खालीही असा बदल मागता येतो. दोघांची संमती असेल तर वकिलांमार्फत संयुक्त पुरसीस, म्हणजे दोघांच्या सहीचे लेखी निवेदन, न्यायालयात दाखल करा आणि त्यावर आदेश करून घ्या. मुलाला कोणी आणायचे, स्थानकाच्या नेमक्या कोणत्या जागी सोपवायचे, गाडी उशिरा आली तर किती वेळ थांबायचे, हुकलेली भेट कधी भरून द्यायची आणि कानबाई, आखाजी (अक्षय्य तृतीया), दिवाळी यांचे दिवस कोणाकडे, हे सारे त्यात असू द्या. फलाटावर अर्थ लावायला काही उरलेच नाही, तर मुलासमोर वाद कशावरून होणार? तोंडी कबुलीवर मात्र विसंबू नका. ती पुढे दोघांनाही सिद्ध करता येत नाही.

आणखी एक, कारण हा गैरसमज आपल्याकडे फार आहे. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ६ मध्ये म्हटले आहे. याचा अर्थ पाचवे वर्ष पूर्ण होताच मूल आपोआप वडिलांकडे जाते, असा नाही. त्याच अधिनियमाच्या कलम १३ नुसार मुलाचे हित सर्वोपरी असते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत साहाय्य मिळते.

उत्तर ३ (शहादा)

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे वडील आहे. माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. सुरुवातीचे कित्येक महिने ती बसस्थानकावर माझ्याकडे येताना रडत असे आणि तिला तिकडून पढवून पाठवतात, असेच मी धरून चाललो होतो. एका रविवारी तिच्या आईने तिथल्या बाकावर बसून तिची वेणी घातली आणि सांगितले, “आत्याकडे जाऊन ये, संध्याकाळी मी इथेच बसलेली असेन.” त्या दिवशी ती रडली नाही, आणि संध्याकाळी आई खरोखरच त्याच बाकावर होती.

चार वर्षांच्या मुलाला एकदम दोन रात्री जड जातील, असे मला वाटते. कानबाईआधीच्या एखाद्या भेटीत त्याला एक रात्र आजीजवळ झोपू द्या. कुठे झोपायचे आणि परत कधी यायचे, हे शक्य असल्यास तुम्ही दोघांनी मिळून सांगा.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची आभारी आहे. काल त्यांच्याशी फोनवर बोलले, त्यांनी संयुक्त पुरसीस दाखल करायला होकार दिला. एका रात्रीची सवय आधी करायची, हेही त्यांना पटले. तिकीट खिडकीजवळची जागा आणि अर्धा तास थांबण्याची मुदत ठरली आहे. वसुलीचा अर्ज मी स्वतंत्रपणे करणार आहे, हेही त्यांना सांगितले. सोमवारी परतीची वेळ किती लिहावी?

उत्तर २ (धुळे, वकील)

विसर्जन आटोपून मुलाला जेवून निघता यावे, अशी वेळ त्यांना विचारून ठरवा आणि ती घड्याळाच्या आकड्यात लिहा. ‘सायंकाळपर्यंत’ असे लिहू नका.