अनुभव धागा: बाहेरून घेतलेल्या हेडलाइटचे तुटलेले कान कसे बसवता?

दहाचा_पाना
काल रात्री खंबाटकी उतरताना मागच्या गाडीचा एक हेडलाइट आरशात सारखा थरथरत होता. दुसरा अगदी स्थिर. ते बघून हाताखालून गेलेले कितीतरी तुटके कान, म्हणजे हेडलाइटचा डबा गाडीला बोल्टने पकडणारे प्लॅस्टिकचे माउंट, आठवले. कंपनीबाहेरच्या सेटचे तर हमखास तुटतात. म्हणून हा धागा. मी सुरुवात करतो, तुम्ही भर घाला.

आधी निदान, कारण निम्मे लोक भलत्याच जागी चिकटवत बसतात. गाडी भिंतीसमोर लावा, डिपर (लो बीम) चालू ठेवा आणि हेडलाइट काचेवर हात ठेवून हलवा. अख्खा डबा हलला तर माउंट गेलं. डबा घट्ट आहे पण भिंतीवरचा उजेड नाचतोय, तर आतला रिफ्लेक्टर ॲडजस्टरच्या, म्हणजे उजेड वरखाली करायच्या स्क्रूच्या, गोळीवरून सुटलाय. तिथे बाहेरचा कान कितीही पक्का केला तरी फरक पडणार नाही.

मग प्लॅस्टिक बघा. डब्याच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं. काळा डबा बहुतेक वेळा पीपी किंवा पीपी-टीडी२० म्हणजे २० टक्के टाल्क घातलेलं पॉलिप्रोपिलिन. काच पीसी, म्हणजे पॉलिकार्बोनेट. पीपीचा पृष्ठभाग मेणासारखा असतो, त्यामुळे फेविक्विक, अरल्डाइट, एम-सील यातलं काहीही त्याला धरत नाही. दोन दिवस धरल्यासारखं वाटतं आणि मग खड्ड्यात अख्खा थर सालीसारखा सुटून येतो. पीपी वितळवूनच जोडायचं.

माझी पद्धत अशी. तुटलेला कान गाडीवर त्याच्या जागी बोल्टने हलका लावायचा. हेडलाइट बाकीच्या बोल्टवर बसवून फटी जुळवायच्या, आणि तिथल्या तिथे सोल्डरिंग आयर्नने दोन-तीन टाके मारायचे. मग बाहेर काढून पक्कं वेल्डिंग. टेबलावर डोळ्याने जुळवलेला कान नंतर दोन-तीन मिलिमीटर चुकतोच, आणि बोल्ट ओढून बसवला की पुन्हा तिथेच तुटतो.

४० ते ६० वॅटचं आयर्न, चपटी टिप. भेगेवर दोन्ही बाजूंनी व्ही आकाराची खाच, प्रत्येक बाजूने जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. स्टीलची जाळी भेगेवर आडवी ठेवून प्लॅस्टिकमध्ये बुडवायची, वरून पीपीची काडी वितळवून भरायची. आपोआप थंड होऊ द्या, वर पाणी ओतू नका. धूर निघायला लागला तर प्लॅस्टिक जळतंय, तो सांधा कच्चा राहणार.

चिखलवाट
जाळी कुठली घेता? मच्छरजाळी चालेल का

दहाचा_पाना
खिडकीची ॲल्युमिनियमची नको, मऊ असते, कान हलला की तारा तुटतात. चहाची स्टीलची गाळणी कापून घ्या. भोकं इतकी असावीत की वितळलेलं प्लॅस्टिक आरपार जाईल. फार बारीक जाळी नुसती चिकटते, आत रुतत नाही.

रोजची_घाई
घरात गाळणी शोधली जाईल तेव्हा हा धागा दाखवते 😀 बाकी माहिती फार कामाची. काडी नसेल तर?

नाना_पेठकर
ताई, तुटक्या बंपरच्या पट्ट्या कापा. मागे पीपी+ईपीडीएम (रबर मिसळलेलं पीपी) लिहिलेलं बघून घ्या, ते पीपीबरोबर एकजीव होतं. पण बंपर थोडा लवचिक असतो. कानासाठी मेलेल्या हेडलाइटचा डबाच कापला तर जास्त कडक सांधा येतो. स्क्रॅपवाल्याकडे फुटक्या काचेचे हेडलाइट पडलेले असतात, किलोवर मिळतात. त्यातच कान, क्लिप नट, ॲडजस्टरचे स्क्रू सगळं निघतं.

तरंग
प्लॅस्टिकवर काही छापलेलं नसेल तर तुकडा पाण्यात टाका. तरंगला तर पीपी, बुडाला तर एबीएस (दुसरं एक कडक प्लॅस्टिक) किंवा पीसी.

प्रयोगवही
तरंग, साध्या पीपीला हे बरोबर आहे, त्याची घनता ०.९ च्या आसपास. पण टीडी२० ची १.०४ च्या पुढे जाते, म्हणजे ते पीपी असूनही बुडतं. टाल्कवाल्यासाठी वासाची परीक्षा घ्या. छोटी कात्रण पेटवा: पीपीला विझलेल्या मेणबत्तीचा वास येतो. एबीएस काळी काजळी सोडत जळतं. उघड्यावर करा.

एबीएस निघालं तर काम सोपं, ॲसिटोनमध्ये त्याचेच तुकडे विरघळवून घट्ट लगदा करा आणि भरा. मात्र ॲसिटोनचा हात काचेला लावू नका. पॉलिकार्बोनेटला बारीक भेगांचं जाळं पडतं, ते पॉलिशने जात नाही. फेविक्विकचंही तसंच, बंद डब्याजवळ वापरलं तर त्याची वाफ आत जाऊन रिफ्लेक्टरवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर बसवते.

तरंग
टाल्कचं लक्षात नव्हतं. धन्यवाद.

घाटमाथा
कान तुटून रस्त्यावर पडला, तुकडाच नाही. मग काय करायचं?

पत्रेवाला
ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, २० मिमी रुंद, २ मिमी जाड. आधी पुठ्ठ्याचा साचा करा. दुसऱ्या बाजूच्या हेडलाइटवरून माप घेऊन पुठ्ठा उलटा केला की पटकन जमतो. पट्टी वाकवून डब्याच्या बाहेर फासळ्यांसारख्या उभ्या कडा असतात त्यांना दोन ५ मिमीच्या बोल्टनी पकडा, दोन्हीकडे मोठं वॉशर, नट नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला, सैल न पडणारा. एकच बोल्ट लावला तर पट्टी फिरते.

ड्रिल मारण्याआधी त्या जागेच्या मागे काय आहे ते बघा. डब्याच्या आतल्या बंद पोकळीला भोक पडलं की पावसात आत तळं होतं. आणि भेग पुढे धावत असेल तर तिच्या टोकाला २ मिमीचं भोक मारा, भेग तिथेच थांबते.

घाटमाथा
सापडली अडगळीत पट्टी, रविवारी करतो

सकाळची_शिफ्ट
हॉट स्टेपलरबद्दल कुणीच बोललं नाही. ०.६ मिमीच्या नागमोडी पिना, त्याने गरम करून प्लॅस्टिकमध्ये निम्म्या जाडीपर्यंत दाबा, थंड झाल्यावर वरचे पाय कापा. पाच मिनिटांचं काम.

दहाचा_पाना
लांब भेगेला झकास. पण कानाच्या मुळाशी जागा अरुंद असते, तिथे चार पिना शेजारी शेजारी मारल्या की प्लॅस्टिक पिनांच्या ओळीतच फुटतं. तिथे जाळीच.

नाना_पेठकर
मूळ दुखणं कुठून येतं तेही लिहितो. बाहेरच्या सेटमध्ये बोल्टच्या भोकात लोखंडी बुश (छोटी नळी) बहुतेकदा नसतो. बोल्ट थेट प्लॅस्टिक दाबतो, आणि उन्हात, इंजिनच्या गरमीत दाबलेलं प्लॅस्टिक हळूहळू दबत जातं. बोल्ट सैल पडला, डबा थरथरायला लागला की कान मुळातून जातो. म्हणून जुना कंपनीचा हेडलाइट फेकायच्या आधी बुश, रबर ग्रोमेट, क्लिप नट आणि लेव्हलिंग मोटर (उजेड वरखाली करणारी) काढून ठेवा.

भोकं एक-दोन मिमी इकडेतिकडे असतील तर गोल कानशीने लांबट करा. पान्याने ओढून बसवू नका. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे, मग बॉनेट आणि मडगार्डची फट बघा, मग वरचे घट्ट, बाजूचा शेवटी. दहाचा पाना मुठीत नाही, दोन बोटांत धरायचा. बॉनेटचे रबरी स्टॉपरही तपासा. ते फार खाली गेले असतील तर बॉनेट बंद करताना थेट हेडलाइटवर आदळतं, आणि दोष मात्र खड्ड्यांना जातो.

चिखलवाट
खालचा लॉक नेहमी तोच का तुटतो?

पत्रेवाला
बऱ्याच गाड्यांत बंपरचा कोपरा हेडलाइटखालच्या पट्टीत अडकतो. बंपर फुटपाथला घासला की सगळा ताण त्या लॉकवर. आधी बंपरचं ब्रॅकेट आणि क्लिपा नव्या लावा, नाहीतर वेल्डिंग फुकट जाईल.

जिप्सीवाली
गोल सात इंची लाइटवाल्यांसाठी. एलईडीचा सेट मागे खोल असतो, त्याचा हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा मागचा धातूचा भाग) बकेटला, म्हणजे लाइट बसतो त्या वाटीला, टेकतो. वरची रिंग आवळली तरी लाइट बसत नाही, रिंग वाकते, मग स्क्रू सुटतात. आधी बकेटची खोली मोजा. ॲडजस्टिंग स्क्रूचे नायलॉनचे नट झिजले असतील तर तेही बदला, जड लाइटला ते पुरत नाहीत.

रोजची_घाई
इथे पाऊस थांबतच नाहीये, आणि हेडलाइटच्या आत वाफ दिसते. सिलिकॉन मारू का?

प्रयोगवही
थोडी वाफ लाइट लावल्यावर जात असेल तर काही करू नका. मागे रबरी नळी किंवा टोपीसारखा व्हेंट असतो, तो चिखलाने बुजलाय का बघा. त्याच्यावर सिलिकॉन अजिबात नको. कडेची फट बुजवायची असेल तर न्यूट्रल क्युअर घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कनेक्टर गंजवतं.

दहाचा_पाना
एक राहिलंच होतं. कान बसवल्यावर उजेड सेट करा. सपाट जागा, टायरची हवा बरोबर, चालकाच्या सीटवर कुणीतरी बसलेलं, लेव्हलिंगची चाकी शून्यावर. भिंत ५ मीटरवर. दिव्याच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर भिंतीवर मारा आणि डिपरच्या उजेडाची वरची कडा त्याच्या ५ सेमी खाली आणा. म्हणजे एक टक्का उतार.

आणि कडेचा वर चढणारा भाग डावीकडे हवा. उजवीकडे चढत असेल तर तो सेट रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालणाऱ्या देशांसाठीचा आहे. समोरच्याच्या डोळ्यात जाणार, स्क्रू फिरवून ते सुधारत नाही. परत करा.

सकाळची_शिफ्ट
एच४ बल्बचे तीन कान पण बघा रे, वाकडा बसला तरी कडा विस्कटते.

घाटमाथा
नाना_पेठकर, तुमच्याकडे रविवारी दुकानं उघडी असतात का? नायलॉक नट संपलेत

नाना_पेठकर
बहुतेक बंद. शनिवारी दुपारपर्यंत या. ५ चे नट आणि मोठी वॉशर डझनावारी घ्या, सुटी महाग पडतात.