प्राणिसंग्रहालयातील उन्हाळी मैफल : आईबाबांना न्यावे का, आणि शेजारच्या हत्तींचे काय?

बीव्हर्टनवासी :
नमस्कार. आम्ही ओरेगन राज्यात पोर्टलंडच्या शेजारी बीव्हर्टनला राहतो. जुलैमध्ये आईबाबा साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी येत आहेत. येथील प्राणिसंग्रहालयाच्या, म्हणजे ओरेगन झूच्या, हिरवळीवर उन्हाळ्यात संध्याकाळी ज्या मैफली होतात, त्यांपैकी एखाद्या मैफलीला त्यांना घेऊन जावे असा विचार आहे. अडचणी दोन आहेत. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तीन तास गवतावर बसणे तिला जमणार नाही. दुसरी अडचण बाबांची आहे. फोनवर हा बेत सांगताच ते म्हणाले, ‘जनावरांच्या कानाशी कर्णे लावायचे आणि वर त्याला प्राणिप्रेम म्हणायचे, हे कुठले शहाणपण?’ गणपतीच्या मिरवणुकीनंतर आमच्या गल्लीतली कुत्री दोन दिवस बाहेर दिसत नाहीत हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे, त्यामुळे त्यांच्या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. या मैफलींना जाऊन आलेल्यांनी, किंवा या विषयातील जाणकारांनी, दोन्ही बाबतींत मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

हिल्सबरोकर :
पहिल्या अडचणीपुरते लिहितो. गाडी नेऊच नका. वॉशिंग्टन पार्कमध्ये अशा संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धी मैफल संपते. बीव्हर्टनहून मॅक्स रेल्वेची निळी किंवा लाल गाडी थेट वॉशिंग्टन पार्क स्थानकात जाते. हे स्थानक डोंगराच्या पोटात सुमारे ७९ मीटर खोल आहे आणि वर येण्यासाठी लिफ्ट आहेत, त्यामुळे आपल्या मातोश्रींना जिने चढावे लागणार नाहीत. फलाटाच्या भिंतीवर बोगद्यासाठी खोदताना काढलेला खडकाचा लांबलचक नमुना लावलेला आहे. बाबांना तो नक्की आवडेल, माझे सासरे तेथेच पंधरा मिनिटे उभे राहिले होते.

बुटक्या घडीच्या खुर्चीबाबत आणि घरून नेण्याच्या खाद्यपदार्थांबाबत नियम असतात, ते तिकीट काढतानाच नीट वाचून घ्यावेत. खुर्चीपेक्षाही महत्त्वाची वस्तू म्हणजे स्वेटर. जुलैत सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, तोवर ऊन अंगावर असते, आणि मग अर्ध्या तासात असा गारवा पडतो की साताऱ्याहून आलेल्या माणसाला महाबळेश्वराची आठवण व्हावी.

खर्ज :
बाबांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि योगायोग असा की त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग याच प्राणिसंग्रहालयात सापडलेला आहे. १९८४ साली केटी पेन नावाच्या संशोधिका, ज्यांनी त्यापूर्वी देवमाशांच्या गाण्याचा अभ्यास केला होता, येथील हत्तींजवळ काही दिवस नुसत्या बसून होत्या. त्या वेळी या संस्थेचे नाव वॉशिंग्टन पार्क झू असे होते. त्यांना कानाने काही ऐकू येत नव्हते, पण हवेत मधूनमधून एक कंप जाणवत होता. लहानपणी चर्चच्या गायकवृंदात उभे असताना ऑर्गनच्या सर्वांत खालच्या स्वरांनी अंगावर जो थरार येई, तसाच हा आहे, हे त्यांच्या नंतर लक्षात आले. पुढे ध्वनिमुद्रणाची साधने आणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की आशियाई हत्ती सुमारे १४ ते २४ हर्ट्झच्या, म्हणजे बहुतांशी माणसाच्या श्रवणमर्यादेखालच्या, आवाजात एकमेकांशी बोलतात.

आता हे मैफलीला लावून पाहा. बास गिटारची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते आणि मोठे सबवूफर, म्हणजे खास खर्जासाठीचे ध्वनिक्षेपक, त्याच्याही खाली उतरतात. ढोलताशा पथकाजवळ उभे राहिल्यावर कानापेक्षा छातीत जे आधी जाणवते, तो हाच प्रदेश. तार सप्तकातले आवाज झाडी, भिंती आणि हवा बऱ्यापैकी गिळतात; खर्जातले आवाज मात्र फारसे अडत नाहीत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, एवढाच काय तो दिलासा. येथील हत्तींचे आवार तर हिरवळीला लागूनच आहे. त्यामुळे ‘संगीत प्राण्यांना आवडते का’ हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. खर्ज किती ठेवला आहे, ध्वनिक्षेपकांची तोंडे कोणत्या दिशेला आहेत, कार्यक्रम किती वाजता संपतो आणि नकोसे झाल्यास प्राण्याला उठून दूर जाता येते का, हे विचारायला हवे. २०१५ साली खुले झालेले हत्तींचे नवे आवार सुमारे ६ एकरांचे आहे. त्यात वाळूची जमीन असलेले मोठे बंदिस्त दालनही आहे आणि हत्तींनी कुठे असावे हे शक्य तितके त्यांनाच ठरवू द्यावे अशा हेतूने त्याची आखणी केलेली आहे. माझ्या मते या चारांपैकी शेवटचा मुद्दा सर्वांत जड आहे.

ओहायोची मावशी :
ही कल्पना अलीकडची नाही, एवढे सांगण्यासाठी लिहिते. आमच्या सिनसिनाटीत १९२० पासून १९७१ पर्यंत, अर्धशतकाहून अधिक काळ, उन्हाळ्यात चक्क प्राणिसंग्रहालयाच्या आवारात ऑपेरा होत असे. छप्पर होते, पण बाजू उघड्या. त्यामुळे गायिकेने स्वर लावावा आणि मोराने किंवा सिंहाने त्याला साथ द्यावी, असे प्रकार नित्याचे होते. १९७२ साली कंपनी म्युझिक हॉलमध्ये गेली आणि श्रोत्यांना वातानुकूलन मिळाले. येथील जुनी मंडळी मात्र अजूनही मोरांबद्दलच बोलतात.

एक गोष्ट विषयाला सोडून नाही म्हणून सांगते. १९२० साली पहिला प्रयोग झाला तो ‘मार्था’ नावाच्या ऑपेराचा. जगातील शेवटचा पॅसेंजर कबुतर पक्षी १९१४ साली याच प्राणिसंग्रहालयात मेला, आणि त्या मादीचे नावही मार्थाच होते. हा नुसता योगायोग असावा, पण मला तो कधी विसरता आलेला नाही.

अर्थात ती मैफल आणि आजची मैफल यांची तुलना करताना जपून राहावे. ऑपेराच्या गायकाचा गळा कितीही मोठा असला तरी तो सबवूफर नव्हे.

निवृत्त वनरक्षक :
श्री. खर्ज यांनी चांगली माहिती दिली आहे, तरीही मी बाबांच्या बाजूचा आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३८-जे नुसार प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना चिडवणे, इजा करणे, खाऊ घालणे यांबरोबरच आवाजाने त्यांना त्रास देणे यालाही मनाई आहे. नोकरीत असताना शाळेच्या सहलींना ‘ओरडू नका’ म्हणून सांगता सांगता माझा घसा बसत असे. अशा माणसाला हत्तीच्या शेजारी ड्रम वाजतात हे कसे पटावे? तिकिटांचे पैसे प्राण्यांच्या देखभालीला उपयोगी पडतात हा युक्तिवाद मला मान्य आहे, पण ज्याच्यासाठी पैसे जमवायचे त्याच्याच उशाशी बसून ते जमवण्यात काही विसंगती आहे की नाही? दुसरे असे की प्राणी शांत उभा आहे याचा अर्थ तो निश्चिंत आहे असा होत नाही. हत्ती कान ताठ पसरून स्थिर उभा राहिला, सोंडेचे टोक आवाजाच्या दिशेने धरले, किंवा कळप एकमेकांना खेटून पिल्लाला मधे घेऊ लागला, तर त्याला अस्वस्थता समजावे. उलट तो चरत असेल, कान सैल हलवत असेल, अंगावर माती उडवत असेल, तर त्याला फारशी फिकीर नाही.

खर्ज :
वनरक्षकसाहेब, विसंगती आहे हे मान्य. एवढेच म्हणेन की आपल्या कलमात संगीताचे नाव नाही, त्रासाचे आहे. आणि आवाजाची पातळी मोजून, खर्ज आटोक्यात ठेवून, अंधार पडण्याच्या बेताला संपणारी मैफल आणि दिवसभर काचेवर थापा मारणारी गर्दी यांपैकी अधिक त्रास कशाचा, याचे उत्तर मला तरी सरळ दिसत नाही.

बीव्हर्टनवासी :
सर्वांचे मनापासून आभार. हा सगळा धागा काल बाबांना फोनवर वाचून दाखवला. केटी पेन यांचा भाग त्यांनी दोनदा ऐकला. त्यांचे म्हणणे असे पडले की मोठ्या ढोलकांड्यांच्या बँडऐवजी गिटार आणि गळा एवढ्यावर चालणारी एखादी मैफल निवडावी, दुपारीच आत जाऊन आधी हत्तींना तासभर पाहून घ्यावे, आणि संगीत सुरू झाल्यावर हिरवळीच्या अशा टोकाला बसावे की जेथून मंचापेक्षा हत्ती अधिक दिसतील. कान ताठ झाले तर ते उठणार आहेत, असे त्यांनी आताच बजावून ठेवले आहे. आईने मात्र फक्त खुर्चीची उंची विचारली. ती कुणी मोजली असल्यास कृपया कळवावे.