कायद्यातील ‘शॅल’ : सक्ती की नुसता भविष्यकाळ?

धागालेखक : कायद्याच्या इंग्रजीतले ‘शॅल’ हे क्रियापद नव्या मसुद्यांतून काढून टाकावे, असे माझे मत आहे. ते कर्तव्य लादते असे आपण धरून चालतो. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२० मध्ये शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयी हेच क्रियापद असूनही, मनबोधन लाल श्रीवास्तव प्रकरणात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद केवळ निदेशात्मक ठरवली, म्हणजे सल्ला घेतला नाही एवढ्यावरून कारवाई रद्द होत नाही. अमेरिकेने संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांच्या २००७ च्या फेरलेखनात ‘शॅल’ वगळले. आपणही सक्ती असेल तेथे सरळ ‘मस्ट’ लिहावे.

प्रतिसाद १ : असहमत. त्याच अमेरिकेने २०१० मध्ये नियम ५६ (पूर्ण सुनावणी न घेता निकाल देण्याचा नियम) पुरते ‘शॅल’ परत आणले, कारण शब्द बदलताच निवाड्यांनी घडवलेला अर्थ डळमळू लागला. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेत लेखी कैफियत (दाव्याला प्रतिवादीचे लेखी उत्तर) ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत द्यावी असे ‘शॅल’ वापरूनच म्हटले आहे, तरी कैलाश प्रकरणात (२००५) ही मुदत निदेशात्मक ठरली. वाणिज्यिक दाव्यांतील १२० दिवसांची मुदत मात्र २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनिवार्य मानली. क्रियापद तेच आहे. फरक एवढाच की दुसरीकडे मुदत उलटल्यावर कैफियतीचा हक्क जातो आणि न्यायालय ती दाखल करून घेणार नाही, असा परिणाम कलमातच लिहिलेला आहे. परिणाम न लिहिता ‘मस्ट’ घातले, तरी वाद तोच राहील.

धागालेखक : परिणामाचा मुद्दा मान्य, अगदी निरुत्तर करणारा आहे. तरीही ‘हा अधिनियम अमुक दिवशी अंमलात येईल’ येथेही इंग्रजीत ‘शॅल’च असते, आणि तेथे कोणावर कसले कर्तव्य आहे?

प्रतिसाद २ : मी कायद्यांचे मराठी भाषांतर करतो, म्हणून थोडे वेगळे सांगतो. ‘न्यायालय नोटीस काढील’ असे आम्ही ‘शॅल’साठी लिहितो आणि ‘मे’साठी ‘काढू शकेल’. पहिले वाक्य पक्षकाराला भाकितासारखे वाटते, त्यामुळे ‘काढलीच पाहिजे’ असे लिहावे, अशी माझी सूचना आहे.

प्रतिसाद १ : तो ‘च’ महागात पडेल. एका कलमात तो आला की जिथे नाही तिथे सक्ती नाही, असा युक्तिवाद पहिल्याच तारखेला होईल, आणि तो अगदीच पोकळ नसेल.