मदत हवी आहे: रात्री हळदीला पिणार, सकाळी वऱ्हाडाच्या गाड्या चालवणार

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. आम्ही पेण तालुक्यातले, मुलगी जुन्नरची. लग्न तिकडेच, मुहूर्त साडेबाराचा. म्हणजे सकाळी सहाला वऱ्हाड निघायला हवं: खोपोली, बोरघाट, तळेगाव, चाकण, नारायणगाव. आणि आदल्या रात्री आमच्याकडे हळद.

आगरी हळद ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. अंगणात धवलारिणी गातात, मांडवात मटणाच्या पंगती, आणि मांडवामागे पोरांची वेगळी पंगत. तिथल्या कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत कोल्ड्रिंक नसतं. डीजे दहाला बंद होतो (हल्ली पोलीस येतात), पण ती पंगत दोन-अडीचपर्यंत चालते. त्यातलेच चार-पाच जण सकाळी तोंडावर पाणी मारून स्टिअरिंगवर बसणार.

माझी खरी अडचण मामेभाऊ. वयाने मोठा, दादा म्हणतो आम्ही त्याला. नवरदेवाची गाडी त्याची, चालवणारही तोच. माणूस सोन्यासारखा, पण 'मला काही होत नाही' हे पालुपद. 'हा घाट मी झोपेतपण चालवतो' म्हणतो. तीच तर भीती आहे. चुलतभावाच्या लग्नाला याच रस्त्याने गेलो होतो, तेव्हा शिंग्रोबाच्या देवळापाशी गाड्या लावून अर्धी पोरं उलट्या करत होती, त्यात दोघे ड्रायव्हर. देवाला नारळ फोडला आणि पुन्हा तेच चालवायला बसले.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले तेव्हा आमच्याच घरात टीव्हीसमोर केवढी हळहळ! 'अशांना सोडता कामा नये' म्हणणारा दादाच होता.

आई म्हणते, लग्नघरात माहेरच्या माणसाला दुखवू नकोस. रात्रभर कुणी पिऊन कुठे जात नाही, सगळे तिथेच झोपतात, म्हणून घरात कुणाला यात धोकाच दिसत नाही. तमाशा न करता चावी कशी काढून घेऊ?

कोकणकडा:
आधी दारूच बंद करा. बाकी सगळी मलमपट्टी.

धागाकर्ती:
कोकणकडा, करून बघितलं. बाबांनी एकदा घरच्या हळदीला दारू ठेवली नाही, तर पोरं मोटरसायकली काढून वडखळला प्यायला गेली आणि तशीच परत आली. त्यापेक्षा अंगणात बसलेली परवडली.

लॅबवाला:
ताई, तुमची भीती रास्त आहे. 'झोप झाली की उतरते' यावर लोकांचा फार विश्वास. झोपेत शरीर काही जोरात काम करत नाही. दर १०० मिली रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतं, झोपा नाहीतर नाचा. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ, यांनी माणूस तरतरीत दिसतो, आकडा हलत नाही.

आता हिशोब बघा. १८० मिलीची क्वार्टर, व्हिस्की किंवा रम, ४२.८ टक्के. म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सत्तर किलोच्या माणसात यामुळे दर १०० मिली रक्तात १२५-१३० मिलिग्रॅमची भर पडते. म्हणजे एक क्वार्टर पूर्ण उतरायला साडेआठ तास धरा. कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे.

दादाने रात्री दहाला सुरुवात करून दोनपर्यंत दीड क्वार्टर घेतली असं समजू (हळदीच्या मानाने मी सोज्वळ आकडा धरलाय). सकाळी सहाला त्याच्या रक्तात ७० च्या आसपास असणार, मर्यादेच्या दुपटीहून जास्त. ३० च्या खाली यायला नऊ वाजतील, तोवर तुम्ही घाट चढून गेलेले असाल. माणसागणिक थोडं इकडेतिकडे होतं, पण याहून हळू उतरणारेही असतात. शिवाय तीन तासांची झोप, ती वेगळीच नशा.

बियरवाल्यांनी खूश होऊ नये. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची ६५० मिलीची बाटली म्हणजे क्वार्टरचा दोन तृतीयांश. दोन बाटल्यांत क्वार्टर ओलांडली.

धागाकर्ती:
बापरे. मी रात्री कुणी बाहेर पडू नये याचीच व्यवस्था करत होते. हा नऊचा हिशोब घरात वाचून दाखवते.

काळा_कोट:
कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, कलम १८५. पहिल्यांदा सापडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. 'काल रात्री घेतली होती' हा बचाव नाही, मशीन आत्ताचा आकडा दाखवतं.

फारसं कुणाला माहीत नसलेलं कलम १८८: अशा गुन्ह्याला जो चिथावणी देतो किंवा मदत करतो त्यालाही तीच शिक्षा. म्हणजे प्यायलाय हे माहीत असून चावी हातात देणाराही अडकू शकतो. कुणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. पोलिसांनी सदोष मनुष्यवध लावला तर त्याहून पुढे.

विमा: चालक प्यायलेला निघाला तर स्वतःच्या गाडीचं नुकसान कंपनी देत नाही. समोरच्याला दिलेली भरपाईसुद्धा नंतर मालकाकडून वसूल करू शकते. दादाची गाडी नवी आणि हप्त्यावर असेल तर हा मुद्दा तुरुंगापेक्षा लवकर पटेल. अनुभवाने सांगतो.

वडगावची_सून:
ताई, चावी मागू नका. मागितली की अपमान झाला. आमच्याकडे दिराने काय केलं: नवरदेवाची गाडी सजवायची म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळीच चावी घेतली आणि गाडी फुलवाल्याकडे नेऊन उभी केली. सकाळी ती दारात आली तेव्हा दुसराच ड्रायव्हर बसलेला. गाडीच्या मालकाला फेटा बांधून नवरदेवाशेजारी बसवलं. फोटो त्याचेच जास्त आले. कुरकुर खालापूरपर्यंत चालली, मग झोपला.

आणि ड्रायव्हर माळकरी शोधा! गळ्यात माळ असली की 'एक घे रे' म्हणायची कुणाची हिंमत होत नाही. आमच्याकडे बाहेरून आणलेल्या ड्रायव्हरलाच पोरांनी पाजली होती, तेव्हापासून हा नियम.

लालपरी_प्रेमी:
पाहुण्यांसाठी गाड्याच कमी करा की. एसटीची बस प्रासंगिक करारावर मिळते, डेपोत अर्ज आणि अनामत भरायची. लग्नसराईत लवकर जा, तारखा भरतात. पोरांना बसमध्ये मागच्या सीटा द्या, नाचत जाऊ देत. ड्रायव्हर-कंडक्टरच्या झोपण्याची सोय मात्र मांडवापासून लांब करा.

लॅबवाला:
यात एक भर. हळदीचं जेवण लवकर वाढा. रिकाम्या पोटी दारू भराभर चढते, आणि जेवण झालं की निम्मे तसेही उठतात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. पेणच्या डेपोत चौकशी करून आले, त्या तारखेला एक बस मिळतेय. उद्या बाबा अनामत भरतील. त्यामुळे सातपैकी चार गाड्या रद्द.

नवरदेवाच्या गाडीसाठी शेजारच्या गावातले एक माळकरी काका तयार आहेत, टेम्पो चालवतात, घाट पाठ आहे. फुलवाल्याचा बेत मामींना सांगितला. आईला वाटलं त्या चिडतील, तर त्या म्हणाल्या, 'घरातली दुसरी चावी मीच माझ्याकडे ठेवते, तू काळजी करू नको.' त्यांनाही हेच हवं होतं, फक्त आधी कुणी बोलायचं हा प्रश्न होता.

आता दोन चुलतभाऊ राहिले. त्यांचं म्हणणं, आम्ही बारालाच थांबू. लॅबवाले दादा, दहा ते बारा, प्रत्येकी एक क्वार्टर, सहाला निघायचं. चालेल का?

लॅबवाला:
सत्तर किलोच्या माणसाचा आकडा कागदावर मर्यादेच्या आत येतो. पण वजन साठ किलो असेल तर अगदी काठावर. आणि हळदीला बाराला थांबलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. दोघांना बसमध्येच बसवा.