वरून दिसत नाही असलं अपंगत्व अन् ते कार्ड: तुमचे अनुभव लिहा

सुरुवात मीच करतो. बायकोला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मशीन केसांत झाकलेली. युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र आहे, एसटीत ७५ टक्के सवलत मिळती. परवा गंगाखेडच्या गाडीत राखीव सीटवर बसली तर मागचे मामा किती वेळ बोलायलेत, "धडधाकट दिसायलीस की पोरी, ऊठ!" हिला ऐकूच येईना अन् मामाला वाटलं माजलीय. कार्ड पर्समधी, पर्स पिशवीत अन् पिशवीत वरून मेथी. शेवटी कंडक्टरनंच मामाला समजावलं. अपंगांच्या हक्काच्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार हैत, त्यातले बरेच असेच न दिसणारे. तुम्ही कार्ड दाखवता का झाकून ठेवता?

---
लातूरहून लिहितेय. पोरगं ९ वर्षांचं, ऑटिझम आहे. लग्नात बँड वाजला की कान दाबून खाली बसतंय अन् बायका म्हणणार लाडावून ठेवलंय. भावानं बंगळूरच्या विमानतळावरून तो सूर्यफुलाचा हिरवा पट्टा आणून दिला, न दिसणारं अपंगत्व लोकांना कळावं म्हणून गळ्यात घालायचा, ते लंडनकडं गॅटविक विमानतळावर २०१६ ला चालू झालेलं. इथं सूर्यफूल म्हणलं की तेलच! किराणावाल्यानं विचारलं, कोणत्या कंपनीची जाहिरात हो ताई? मग पट्ट्याला मराठीत चिठ्ठी लावली, "मला आवाजाचा त्रास होतो, हात धरू नका, आईला बोलवा." पट्ट्यापेक्षा चिठ्ठीच कामाला आली.

---
मला फिट येते. ती त्या २१ मधी नाहीच, मग कार्ड कशाचं मिळतंय. मोंढ्यात पडलो तेव्हा कांदा, चप्पल सगळं नाकाला लावून झालं, वर एकानं तोंडात चमचा घातला, समोरचा दात गेला. तवापासून शर्टाच्या खिशात चिठ्ठी असतीय: कुशीवर करा, तोंडात काही घालू नका, ५ मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्या. पण पडलेल्याचा खिसा कोण बघतंय, म्हणून अडत दुकानातल्या हमालांनाच सांगून ठेवलंय.

---
आमच्या ताईला स्किझोफ्रेनिया. कार्ड निघालंय पण आई ते साड्यांच्या घडीत ठेवती, धाकटीचं लग्न जमायचंय ना. गळ्यात घालायचं राहू द्या, घरात नाव काढलं तरी आई दार लावून घेती. मला राग येतो, पण आईचंही खोटं नाही.

---
धागा काढणारा परत. हिनं आता कार्ड मोबाईलच्या कव्हरात मागं घातलंय, हातातच राहतंय. काल तेच मामा भेटले, त्याच गाडीत. सरकून जागा दिली अन् सगळी गाडी वळून बघंल इतक्या जोरात ओरडले, "पोरीऽऽ, माहेर कोणतं तुझं?"